पाचव्या दिवसाचं धुणं

सोमवार, ६ डिसेंबर १८२४

आले! सकाळचा मका चुलीवर असतानाच पात्रियाची फौज गावात शिरली. आमच्या किनुआत कुणी विचारून शिरत नाही. गेल्या महिन्यात राजाची तुकडी, आज हे. ते राजाचे म्हणून घेऊन जातात, हे स्वातंत्र्याचे म्हणून. पातेलं दोघांच्या मागे सारखंच रिकामं.

चुलीमागचे कुई धरून नेले. उंदरापेक्षा मोठा, सशापेक्षा लहान जीव. पण शिजल्यावर सगळं मटणच. आमच्या हिने, सातुर्निनाने, एक पिल्लू टोपलीखाली दडवलं आणि टोपलीवर स्वतः बसली. शिपाई गेल्यावरही बराच वेळ उठेना.

एक शिपाई दाराशी टेकला. कुठल्यातरी उत्तरेच्या मैदानातला, घोड्यावरचा. इथल्या उंचीवर त्याला धाप लागते. खुणेनं मीठ मागितलं, दिलं. त्याची आईही कुठेतरी चुलीपाशी असेल.

सातुर्निना म्हणाली, "अहो, ही पात्रिया म्हणजे कोण बाई? राजाची बायको का?"

म्हटलं, बाई नव्हे. देश.

"मग नांदवत नव्हता का राजा तिला? एवढं भांडण कशाला!"

हसलो. कित्येक दिवसांनी हसलो. राजाची फौज पलीकडच्या डोंगरकडेने येते आहे म्हणतात — आणि तिच्यात आमचा पोरगा हिलारियो आहे. वांताच्या बाजारात मका विकायला गेला होता. दोरीला बांधून नेला. त्याला दोन पावसाळे झाले.


मंगळवार, ७

रुफिनो येऊन गेला! शेजारच्या मेलितोनचा मुलगा. पात्रियाच्या पायदळात आहे. आईला भेटायला तासाभराची सुट्टी मिळाली, त्यातला थोडा वेळ माझ्यासाठी काढला.

"मास्तर, ओळखलंत का?"

न ओळखायला काय झालं? माझ्याच अंगणात बसून अक्षरं गिरवली. तो आणि हिलारियो. एकाच उंचीचे, एकाच ठेवणीचे. पाठमोरे दिसले की सातुर्निना चुकीच्याला हाक मारायची. कविता मात्र हिलारियोला यायची, याला नाही. हा मात्रा मोजायचं सोडून ढगांकडे बघत बसे.

सातुर्निनाने पुढे ठेवलेला उकडलेला मका त्याने उभ्यानेच संपवला. मग खाली बघून म्हणाला, "हिलारियो समोर आला तर मी बंदूक आभाळाकडे धरीन."

"आणि त्याने नाही धरली तर?"

"तो? मास्तर, जन्मात एक कबूतर पाडलं नाही त्याने!"

जाताना सातुर्निनाने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. किती वेळ फिरवत राहिली.

मेलितोन कुंपणापलीकडे उभा होता. आला नाही. आमचं बोलणं बंद आहे. तो माझा कुम्पा. त्याच्या घरावर कौलं चढली तेव्हा शिखरावरचं मातीचं देऊळ मी बसवलं, माझ्या घरावरचं त्याने. स्वतःच्या हाताने घडवून, भाजून. या नात्यापुढे रक्ताचं नातंही थिटं. पण गेल्या वर्षी मृतांच्या सणाला, मक्याची दारू जरा जास्त झाली आणि तो म्हणाला, "माझा स्वतःच्या पायाने गेला. तुझा दोरीला बांधून नेला. दोरीला बांधलेलं ढोर, ज्याच्या हातात दोरी त्याचं."

मीही कमी नाही. म्हटलं, "स्वतःच्या पायाने खड्ड्यात पडणाऱ्याला काय म्हणतात, कुम्पा?"

झालं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलायचं ते कुत्र्याशी बोलतो. आज संध्याकाळी मोठ्याने सांगत होता, "काही लोकांना सांग रे, पाट फुटलाय, पाणी वाटेवर चाललंय." मीही कुत्र्यालाच उत्तर दिलं. ते बिचारं दोघांकडे आळीपाळीने शेपूट हलवतं.


बुधवार, ८

निष्कलंक मातेचा सण. मिरवणूक नाही, घंटा नाही. फुलंही कुणी तोडली नाहीत.

राजाची फौज कोंदोरकुंकावर येऊन बसली. आमच्या डोक्यावरचा डोंगर! लहानपणापासून त्याच्याकडे पाहून पाऊस ओळखतो. आज त्याच्यावर माणसं मुंग्यांसारखी. त्या मुंग्यांतली एक माझी.

खेचरं हाकणारा एक जण तिकडून खाली पळून आला. म्हणाला, खायला काही उरलं नाही, खेचरं कापून खाल्ली. आणि आपल्याकडच्या पोरांना रात्री मधोमध झोपवतात, भोवती पहारा — पळून जाऊ नयेत म्हणून. हिलारियो? नाव ऐकलेलं नाही. "कविता म्हणणारा?" मी विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, तिथे कोण कविता म्हणतंय!"

खरं आहे.

तरी आज दिवसभर जुन्या ओळीच आठवत होत्या. वामांगा शहरातली शाळा, भिंतीला ओल, आणि आमचे लंगडे गुरुजी काठीने फरशीवर ताल धरत — दीर्घ, लघू, लघू. त्या लढाईच्या कवितांत एक गोष्ट मला फार आवडायची. वीर समोर आला की आधी आपलं नाव सांगतो. मग बापाचं नाव. मग गावाचं, नदीचं. समोरचा ऐकून घेतो, आपलं सांगतो. मग भाला! कधी कधी नाव ऐकल्यावर कळतं की आजोबा एकमेकांकडे पाहुणे राहिलेले — मग भाला खाली. बारा वर्षांचा मी त्या ओळींना रडायचो. गुरुजी म्हणायचे, रडू नकोस, मात्रा चुकतात.

सातुर्निनाने मका भाजला. फडक्यात बांधला. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.


गुरुवार, ९

थोडक्यात लिहितो.

सकाळी बातमी आली — लढाईआधी दोन्हीकडच्या भावाभावांना, नातलगांना मधल्या माळावर भेटायची मुभा दिली आहे! खरंच! मी पुरचुंडी घेऊन धावलो. या गुडघ्यांनी. माळावर पाहिलं तर खरंच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. निळे कोट, पांढरे कोट. एक जण हुंदके देत होता. मला वाटलं — कविता! इतकी वर्षं खोटी वाटत आलेली ती ओळ, डोळ्यांसमोर खरी!

पहारेकऱ्याने आडवा हात धरला. "कोण पाहिजे?"

"मुलगा. वर आहे. हिलारियो."

"हुद्दा काय?"

हुद्दा! म्हटलं, शिपाई. दोरीने नेलेला.

"आजोबा, ही भेट सरदारांच्या भावांची आहे. शिपायांचे बाप आत घेतले तर लढाई उद्यावर जाईल!" स्वतःच्याच विनोदावर हसला. वाईट नव्हता. पुरचुंडीतला मूठभर मका घेतला आणि म्हणाला, जा लवकर, घळीत लपा.

त्यानंतर मला काही दिसलं नाही. आम्ही घळीत, बायका जपमाळ ओढत होत्या. लढाई म्हणजे धूर आणि आवाज. तोफांना ताल नसतो. एकदाही दोन आवाजांत सारखं अंतर नव्हतं.

दुपारी शांत झालं. कुणीतरी ओरडत गेलं की संपलं, पात्रिया जिंकली, सेनापतीसकट सगळे शरण.

सातुर्निनाने एवढंच विचारलं, "मग आता सोडतील ना त्याला?"


शुक्रवार, १०

पहाटे माळावर गेलो.

सगळे नागडे. रात्रीतून कपडे गेले. कुणी नेले, का नेले, कुणाला बोलू? थंडी आहे, जिवंतांना कोट हवेत. पण कोट गेल्यावर राजाचा कोण, पात्रियाचा कोण? सगळे आमच्यासारखेच. सावळे, रुंद पावलांचे, खांद्यावर ओझ्याचा घट्टा पडलेले. एकानेही मरण्याआधी मला आपलं नाव सांगितलेलं नव्हतं. तोंडं उलटवत गेलो. प्रत्येक वेळी — नाही. देवा, तुझे उपकार. नाही. उपकार.

ओहोळाच्या काठाशी एक जण. तोंड उरलेलं नाही. उंची तीच. पावलं तीच. मी खाली बसलो. बसल्यावर पाहिलं तर पलीकडे मेलितोन बसलेला. त्याच शरीरापाशी. कधीपासून, कोण जाणे.

त्याचा रुफिनो काल ओहोळ ओलांडून वर गेला, त्याच्या तुकडीतल्या एकाने पाहिलं. परतताना कुणी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "माझा नाही."

तो म्हणाला, "माझाही नाही."

कुत्र्यामार्फत नाही. सरळ बोललो. पण दोघांपैकी एकही उठला नाही. कुत्री येत होती, आम्ही दगड मारत होतो. ऊन चढलं. फौजेचे लोक लांब खड्डे खणून एकावर एक टाकत होते. ते आमच्या बाजूला वळले तसा मेलितोन उठला.

"तुझा नाही, माझा नाही. मग काय, या खड्ड्याचा? धर पायाकडून."

माझ्या अंगावरच्या पोंचोत गुंडाळला. वाटेत दोनदा टेकलो. फार जड होता. किंवा आम्ही फार म्हातारे झालो आहोत.


शनिवार, ११

बायकांना दाखवायला नको होतं.

सातुर्निनाने हात हातात घेतला, बोटं एकेक उघडून पाहिली, आणि म्हणाली, "माझा आहे."

ग्रेगोरियाने, मेलितोनच्या बायकोने, सातुर्निनाच्या गोयाने, दुसरा हात घेतला. "काय बोलतेस! माझा आहे. नखं बघ."

"नखं काय बघायची! मी जन्म दिलाय."

"तुझा राजाच्या पायाशी असेल कुठेतरी, भाकरी खात! हा माझा, वर चढून गेलेला!"

"तोंड आवर, गोया!"

दोघी दोन हात धरून ओढायच्याच काय त्या राहिल्या. जिवंतपणी तर कुणी कुणाचं पोर असं मागितलं नाही. काल आम्ही दोघे बाप नाही, नाही म्हणत होतो — आज दोघींना तोच हवा. ते का, मला कळतं. मेलेला असला तरी हातात असलेला बरा. खड्ड्यातल्याला कुठे शोधायचं?

शेवटी मेलितोननेच तोडगा काढला. "दोघींचा. रडा दोघी. रडायला काय, पुरतो तो."

पाद्रीबाबा दडून बसले होते, त्यांना शोधून आणलं. दाराच्या फटीतून विचारतात, "राजाचा की पात्रियाचा?"

मेलितोन म्हणाला, "नागडा आहे, पाद्रीबाबा. नागड्याला कुठली बाजू?"

"बरं, नाव काय घेऊ?"

"हिलारियो रुफिनो."

"दोन नावं?"

"राजाच्या पोरांना सात-सात असतात म्हणे! आमच्याला दोन झाली तर स्वर्गात गर्दी होईल का?"

बाबांनी मुकाट्याने दोन नावं घेतली. देवळामागे, भिंतीलगत पुरला. डोक्याशी ठेवायला मेलितोनने लाल मातीचा क्रूस केला. भाजायला वेळ नव्हता, कच्चाच ठेवला. पाऊस आला तर विरघळेल.

वामांग्यात कैद्यांना ठेवलं आहे. खेचरवाल्याजवळ निरोप दिला — हिलारियो, किनुआच्या मास्तरांचा. उत्तर नाही.


रविवार, १२

आज काही लिहवत नाही. पडून आहे. छपरावरच्या मातीच्या देवळाचा बुरूज शिपायांनी नेम धरायला उडवला, तो आत्ता दिसला.


सोमवार, १३

पाचवा दिवस. आज मेलेल्याचे कपडे वाहत्या पाण्यात धुवायचे, म्हणजे त्याला वाट मोकळी होते. सातुर्निना नको म्हणत होती. "धुतले की मेला म्हणून कबूल केलं." मग स्वतःच पेटीतून हिलारियोचा सदरा काढून दिला. तो सणाचा, कॉलरला तिने निळा दोरा भरलेला.

धुणं आईबापांनी करायचं नसतं, कुम्पाने करायचं. म्हणून ओढ्यावर आम्ही दोघं म्हातारे. त्याच्या हातात हिलारियोचा सदरा, माझ्या हातात रुफिनोचा. पाणी बर्फासारखं. कोकाची पानं चघळत, दगडावर आपटत बसलो.

"हळू घास," मी म्हटलं. "निळा दोरा सुटेल."

"तूच हळू. माझ्याचा सदरा फाडतोस का?"

थोड्या वेळाने म्हणाला, "कुम्पा, तू मास्तर. अशा वेळी म्हणायची एखादी कविता असेल ना?"

आठवून पाहिलं. शाळेतल्या त्या सगळ्या लांबलचक ओळी. वीर पडतो, घोडा रडतो, नदी लाल होते. कपडे कोण धुतं ते एकाही कवीने लिहिलेलं नाही. म्हटलं, नाही रे. नाही.

"मग जाऊ दे. तुझे गुरुजी कधी ओढ्यावर आलेच नसतील."

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तो सदरा घासताना मी मनात एकच म्हणत होतो — देवा, पुरला तो रुफिनो असू दे. ज्याने माझ्या मुलासाठी बंदूक आभाळाकडे धरतो म्हटलं, त्याचाच सदरा हातात, आणि मी हे मागतो! डोळे वर केले तर मेलितोन माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो काय मागत होता ते मला ठाऊक आहे. त्यालाही माझं ठाऊक. राग आला नाही. त्यालाही नसावा. त्याने पिशवीतून मूठभर पानं काढून माझ्या हातात ठेवली.

दोन्ही सदरे आमच्या अंगणातल्या दोरीवर घातले. त्याच्या अंगणात ऊन उशिरा येतं.

तिन्हीसांजेला उंबऱ्याच्या आत राख पसरली. जाणाऱ्याचं पाऊल सकाळी तिच्यावर उमटतं.


मंगळवार, १४

उमटलं! चौघंही ओणवे होऊन पाहिलं. चिमुकल्या बोटांची रांग, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. टोपलीखालचं कुईचं पिल्लू निसटलं होतं.

ग्रेगोरिया म्हणाली, "रुफिनोच. लहानपणी असाच चुलीकडे पळायचा."

सातुर्निना म्हणाली, "हिलारियो. सरळ रेघेत गेलाय बघ, अक्षर काढल्यासारखा."

मेलितोन भिंतीला टेकून हसायला लागला. मग मी. मग बायका. हसता हसता कोण केव्हा रडायला लागलं कळलं नाही. पिल्लाला कुणी काही बोललं नाही. त्याला मक्याचं पान दिलं.

दिवसभर धुकं. सदरे वाळत नाहीत. दोघांची दोरीही एक, वारा आला की बाह्या एकमेकांना लागतात. सातुर्निना खिडकीशी बसून तेच बघत होती. म्हणाली, "गोयाला उद्या जेवायला बोलावू. उरलंय काय ते शिजवू." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तो नऊ तारखेचा दिवस गेल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता.


बुधवार, १५

उजाडताना मेलितोन आला. हाक मारली नाही. मी दारातच बसलो होतो, पण माझ्याकडे त्याने बघितलं नाही. सरळ दोरीपाशी गेला आणि रुफिनोचा सदरा ओढून काढला. ओलाच होता. छातीशी धरला, उभा राहिला.

"आलाय," म्हणाला. कुजबुजल्यासारखा. "वामांग्याच्या इस्पितळातून. चालत. अंगावर नुसतं घोंगडं आहे, कुम्पा."

मी म्हटलं, "मग उभा काय राहिलास? नेऊन दे."

वाटेने धावत गेला. या वयात.

सातुर्निना अजून झोपली आहे. झोपू दे.